गप्प बसवलेली ओळ

“आधी सगळ्यांची फाइल वाचली जाते, मग तुझी. एकाच गोष्टीबद्दल दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं असलं, तर जे नंतर वाचलं जातं ते चालतं. म्हणून सगळ्यांच्या फाइलीशी भांडायला जाऊ नकोस पोरी. सुनेसारखं वागायचं. सासूचं सगळं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, आणि आपल्या खोलीत आलं की आपलं खरं करायचं.”

यंत्रकाका हे बोलले होते ती दुपार ताईला अजून आठवत होती. काका आता निवृत्त होऊन घरी बसले होते, पण त्यांनी लावून दिलेली व्यवस्था छापखान्यात तशीच चालू होती. हा छापखाना ब्रेलचा. इथे पुस्तकं शाईने नव्हे, ठिपक्यांनी छापली जात, आणि काम करणाऱ्यांपैकी निम्म्यांना दिसत नसे. त्यामुळे इथला पत्रव्यवहाराचा प्रोग्रामही जुन्या वळणाचा होता. काळा पडदा, त्यावर नुसत्या ओळी. चित्र नाही, बटण नाही, माउस नाही. हुकूम टाइप करायचा आणि कानातल्या हेडफोनमध्ये यंत्राचा आवाज एकेक ओळ वाचून दाखवणार. नवीन आलेल्या डोळस माणसांना हे बघून हसू यायचं. ताईला मात्र तो पायाखालचा रस्ता होता.

या प्रोग्रामला काय करायचं हे सांगणारी एक फाइल साऱ्या छापखान्याला मिळून होती. तिच्यावर ज्याची त्याची आपापली. ताईने आपली फाइल मोठ्या हौसेने सजवली होती. पत्राखाली सही आपोआप, बहिणीचा पत्ता नुसत्या दोन अक्षरांत, आणि पत्र पाठवताना वाचली जाणारी ती लांबलचक पाटी बंद. कोणाकडून, कोणाला, कोणाकोणाला प्रत, विषय काय, उत्तर कुठे, हे पालुपद दर पत्राला ऐकून तिचे कान किटले होते. तिने ते गप्प बसवलं होतं. आता यंत्र एवढंच विचारी: “पाठवू?” ती कळ दाबी, पत्र जाई.

ताईचं काम मुद्रितं तपासण्याचं. ती आणि चिमणी एका टेबलाशी समोरासमोर बसत. चिमणी डोळस. ती छापील पुस्तक हातात धरून मोठ्याने वाचायची, स्वल्पविरामासकट, आणि ताई त्याच वेळी ठिपक्यांवरून बोटं फिरवायची. जिथे कान एक सांगतील आणि बोट दुसरं, तिथे खूण. वर्षानुवर्षं दोघी अशा बसत आल्या होत्या. चिमणी हे नाव तिला छापखान्यानेच दिलेलं, कारण वाचून झालं की तिची बडबड सुरू व्हायची आणि ती थांबवायला जेवणाची घंटाच लागायची.

अलीकडे चिमणीच्या आवाजात ताईला काहीतरी वेगळं लागलं होतं. आवाज तोच, पण दबलेला, कोंदट. तोंडासमोर उशी धरून कुणी बोलावं तसा. ताईच्या एक दिवस लक्षात आलं, ही पुस्तक पार नाकाशी नेऊन वाचते आहे. तिने हळूच विचारलं. चिमणी आधी हसली, मग रडली.

“कडेचं पुसट दिसतं गं. मधलं दिसतं, कडेचं नाही. घरी सांगितलेलं नाही मी. तुझे जुने डॉक्टर आहेत ना, त्यांना तू लिही. माझं नाव, सगळं लिही. पण इथे कुणाला कळता कामा नये. साहेबांना तर मुळीच नाही.”

“माझ्या तोंडून शब्द जाणार नाही,” ताई म्हणाली. आणि तिने डॉक्टरांना पत्र लिहिलं. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनंतरच्या शुक्रवारची सकाळची वेळ दिली.

सोमवारी चिमणी टेबलाशी आली ती खुर्ची ओढण्याच्या आवाजानेच वेगळी वाटली. तिने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली, सरळ, कोरडं, मधे एक शब्द इकडचा नाही की तिकडचा नाही. घंटा झाली तेव्हा ती पुस्तक मिटून म्हणाली, “साहेबांनी बोलावलं होतं मला.”

“काय म्हणाले?”

“डोळ्यांचं कसं काय, म्हणाले. कडेचं दिसत नाही का, म्हणाले. कडेचं! हा माझा शब्द आहे ताई. हा शब्द मी जगात एकाच माणसापुढे काढला.”

ताईचे हात ठिपक्यांवरच राहिले. “मी त्यांच्याशी बोललेली नाही, चिमणे.”

“मग भिंत बोलली असेल. पुढल्या आठवड्यापासून मी बांधणी विभागात जायचं. तात्पुरतं. आणि माझ्या खुर्चीवर ती बोलक्या पुस्तकांची नवी निवेदिका. तूच म्हणाली होतीस ना, तिचा आवाज कसा घंटेसारखा आहे म्हणून?”

“अगं, आवाज चांगला म्हटलं म्हणजे—”

“म्हणजे माझा नकोसा झाला. सरळ सांगायचं होतंस. डोळ्यांवरून कशाला गेलीस?”

ती उठून गेली. जेवायला ती त्या दिवशी दुसऱ्या टेबलाशी बसली, आणि तिथे तिची बडबड ऐकू आली नाही.

त्या दिवसापासून ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली ती थांबेना. मी सांगितलं नाही. डॉक्टर सांगणार नाहीत, त्यांची आणि साहेबांची ओळखच नाही. मग सांगितलं कोणी? नवा यंत्रवाला रबरी तळव्यांचे बूट घालायचा. तो कधी मागे येऊन उभा राहतो, कळत नसे. पत्र लिहिताना पडदा उजळलेला असतो, आणि ताईला त्या पडद्याचं काय? तिला तो दिसत नाही म्हणून तो कुणालाच दिसत नाही असं थोडंच आहे? तिने पडद्याचा उजेड पार मालवून टाकला. मग तिला वाटलं, हेडफोनमधून आवाज बाहेर झिरपत असेल. तिने तो काढून टेबलावर ठेवला आणि कान लावून बघितला. काही नाही. निवेदिका जवळून गेली की ताई टाइप करायची थांबे. ती बिचारी एकदा म्हणाली, “ताई, मी काही चावत नाही हो.” ताई ओशाळली, पण हात काही चालला नाही.

घरी वहिनीने विचारलं, “काय हो, चार दिवस झाले, घास चावताय की मोजताय?”

“वहिनी, माझी पत्रं तुम्ही कधी वाचली आहेत?”

वहिनीच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “तुमची पत्रं त्या काळ्या डबड्यात असतात. मला तो डबा चालूसुद्धा करता येत नाही.” मग दुखावल्या आवाजात, “असं का विचारलंत?”

ताईला आपल्याच जिभेची लाज वाटली. रोज देवापुढे बसताना कुणाचं मन दुखवणार नाही असं म्हणायचं, आणि उठल्यावर घरच्याच माणसाला चोर ठरवायचं. संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नव्हे. तिने वहिनीची क्षमा मागितली आणि ठरवलं, आता अंदाज बांधायचे नाहीत. पारखून घ्यायचं.

साहेबांनी महिन्याभरापूर्वी नवं अत्तर लावायला सुरुवात केली होती. साहेबांच्या आधी त्यांचं अत्तर दारात यायचं आणि साहेब गेल्यावरही ते बसून राहायचं. ताईने दुसऱ्या गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला पत्र लिहिलं. तोंडाने ही गोष्ट तिने कुणाकडे काढली नाही, घरी नाही, देवापुढे नाही. पडदा मालवलेला, हेडफोन घट्ट, मागे कुणी नाही याची काठी फिरवून खात्री केलेली. लिहिलं ते असं: “आमच्या साहेबांचं नवं अत्तर म्हणजे फुलांच्या दुकानात कुणी रॉकेलचा डबा लवंडावा तसं. माझं तर डोकं चढतं.”

“पाठवू?” यंत्राने विचारलं. तिने कळ दाबली.

धाकटीचं उत्तर आलं: “मग नाक मुरड की. ते तर तुला लहानपणापासून येतं.”

दोन दिवसांनी ताई ठिपक्यांवर बोटं फिरवत असताना तिच्या खांद्यापाशी कुणीतरी म्हणालं, “कुठवर आलं पुस्तक?” ती खुर्चीतच दचकली. साहेब होते. वास नव्हता. साबणाचासुद्धा नव्हता.

ते गेल्यावर मागच्या टेबलावरून टाइपसेटर कुजबुजला, “साहेबांनी अत्तर सोडलेलं दिसतंय. बायकोने दम दिला वाटतं.” हशा पिकला. ताई हसली नाही. एक तर तिने एका माणसाला खजील केलं होतं. आणि दुसरं म्हणजे आता साहेब कधी येतात, कुठे उभे राहतात, हे कळायची सोयच उरली नव्हती. ती तिने आपल्याच हाताने घालवली होती.

पण एक गोष्ट पक्की झाली. गोष्ट तोंडातून नव्हे, पत्रातून जात होती.

ती सरळ यंत्रवाल्याच्या खोलीत गेली. “तुम्ही माझी पत्रं वाचता का?”

“ताई!” तो इतका मनापासून चकित झाला की तिला त्याच्या बुटांबद्दलही वाईट वाटलं. “मला माझी वाचायला वेळ नाही. आणि तुमच्या त्या काळ्या प्रोग्रामला तर मी हातसुद्धा लावलेला नाही. काकांनी जाताना जसा ठेवला तसाच आहे. चालत्या गाडीचं चाक कोण काढून बघतं?”

“सगळ्यांची फाइल मला वाचता येईल?”

“वाचता कुणालाही येते. बदलता फक्त मला येते.”

ताई जागेवर आली. तिने हेडफोन लावला आणि सगळ्यांची फाइल उघडून आवाजाला सांगितलं, सावकाश, एकेक ओळ. इतकी वर्षं या फाइलीवर आपली फाइल रचत आली, पण पायाचा दगड तिने कधी चाचपून बघितला नव्हता. पत्र लिहायला कुठला एडिटर वापरायचा. पानावर किती ओळी. जुनी पत्रं कुठे ठेवायची. मग आवाज त्याच एकसुरी थाटात पुढची ओळ म्हणाला, आणि ताईने त्याला थांबवून परत म्हणायला लावली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला एक बीसीसी जोडायची, म्हणजे छुपी प्रत. ती जाणार साहेबांच्या पेटीत. प्रत्येकाच्या प्रत्येक पत्राची. ज्याला पत्र लिहिलं त्याला या प्रतीचा पत्ता लागणार नाही.

डॉक्टरांना लिहिलेलं पत्र. कडेचं पुसट दिसतं. तिचा शब्द जसाच्या तसा तिने उतरवला होता, आजार नीट कळावा म्हणून.

ही फाइल काकांच्या हातची. म्हणजे काका? ज्या माणसाचा शब्द तिने आजवर गाठीला बांधला तोच? तिने आवारात जाऊन त्यांना फोन लावला. आवाज चढू न देता विचारलं.

काका खुर्ची ओढून बसल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, “साहेबांनी सांगितलं होतं. कुठल्याशा शाळेचं मागणीपत्र हरवलं, त्यावरून गोंधळ झाला, तेव्हा. माझं निवृत्तीचं वर्ष. लिहिली ओळ.”

“आणि आम्हाला सांगितलं नाहीत.”

“पोरी, लपवायचं असतं तर दुसऱ्या पद्धतीने केलं असतं, तुम्हाला सात जन्मांत कळलं नसतं असं. मी मुद्दाम अशी जोडली की पत्र पाठवताना ती पाटीत येते. कोणाकडून, कोणाला, छुपी प्रत कोणाला. यंत्र दर पत्राला तुझ्या कानात साहेबांचं नाव घेत असणार. तू ऐकून घेतलंस आणि आपल्या फाइलीत खोडलंस असं मी धरून चाललो. तुला खोडायला मीच शिकवलं होतं.”

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतेस ना? येत नाही का ती ओळ?”

“येत असेल काका,” ती म्हणाली. “मी पाटीच गप्प बसवली होती. आणि माझं बघून सगळ्यांनी तीच ओळ आपापल्या फाइलीत उतरवून घेतली.”

पलीकडे काकांनी सुस्कारा सोडला. “तोंडाने सांगायला हवं होतं मी,” ते म्हणाले. “भिडेखातर राहिलं.”

जागेवर येऊन तिने पहिल्यांदा पाटी पुन्हा बोलती केली. मग आपल्या फाइलीत एक ओळ लिहिली: सगळ्यांच्या फाइलीने जोडलेली छुपी प्रत काढून टाक. धाकटीला दोन शब्दांचं पत्र लिहून पारखलं. आवाजाने अख्खी पाटी वाचली, कोणाकडून, कोणाला, आणि छुपी प्रत या शब्दापुढे म्हणाला, “रिकामं.” काम एवढंसंच होतं.

दुपारी ती साहेबांच्या खोलीत गेली. उगीच आढेवेढे घेतले नाहीत. साहेबांनीही घेतले नाहीत.

“मागणीपत्रांसाठी सोय केली होती,” ते म्हणाले. “पहिल्यांदा तेवढीच बघायचो. मग... सवय लागते ताई. चांगली नाही, कबूल.” मग खाकरून, “अत्तराचंही वाचलं.”

“त्याची मी क्षमा मागते. ते तुम्ही वाचावं म्हणूनच लिहिलं होतं.”

साहेबांनी समोरचे कागद सारखे केल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज बदलला. “पण मला जे कळलं ते कसं कळलं हे बाजूला ठेवा. कळलं तर आहे ना? तिला कडेचं दिसत नाही. ओळीचा शेवटचा शब्द तिने गाळला, आणि तो ठिपक्यांतही नसला, तर तुमच्या बोटांना कसं कळणार? पुस्तक मुलांच्या हातात जाईल. त्यांच्याजवळ ताडून बघायला दुसरं काही नसतं.”

ते खोटं बोलत नव्हते, हे ताईला कळत होतं. चोरून वाचलेलं असलं तरी खरं ते खरं.

“शुक्रवारी तिला डॉक्टरांकडे जायचं आहे,” ती शेवटी म्हणाली. “ते तुम्हाला माहीतच आहे.”

“माहीत आहे. वाचण्याचं काम जमेल असं डॉक्टरांनी लिहून दिलं, चष्म्याने म्हणा, मोठ्या अक्षरांच्या प्रतीने म्हणा, तर तिची खुर्ची तिची. ती गेलीच नाही तर माझा नाइलाज आहे.”

“ती ओळ?”

“बघतो,” साहेब म्हणाले.

“तुम्ही बघा. तोवर मी सगळ्यांना सांगणार आहे.”

साहेब नको म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. ताईने तास संपायच्या आत प्रत्येक टेबलाशी जाऊन सांगितलं आणि ज्याने त्याने आपल्या फाइलीत खोडून घेतलं. टाइपसेटर म्हणाला, “म्हणजे माझी आणि मेव्हण्याची सगळी भांडणं साहेबांनी वाचली? मग एकदा तरी सांगायचं होतं, बरोबर कोण ते!” बाकीचे हसले नाहीत. इतके दिवस एकमेकांकडे वळणारे कान आता साहेबांच्या दाराकडे वळले होते, आणि ताईला तेही बरं वाटलं नाही.

चिमणी बांधणी विभागात काम बघायला गेली होती. तिथे डिंकाचा आणि पुठ्ठ्याचा वास, आणि वर जाडजूड पुस्तकं दाबणाऱ्या यंत्राची घरघर. ताईने तिला कोपऱ्यात गाठलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. फाइल, ओळ, पाटी, अत्तर.

चिमणी ऐकत होती की नाही कळेना. मग ती म्हणाली, “हे सगळं तुझ्या काळ्या पडद्यावरचं. मला त्यातलं काय कळतं? तू ओळ म्हणशील ती ओळ. मला एवढंच कळतं की मी तुला सांगितलं, आणि साहेबांना कळलं.”

“यंत्रवाल्याला विचार. काकांना विचार.”

“ते तुझीच माणसं.”

“बरं. मग विश्वास ठेवू नकोस. पण शुक्रवारी डॉक्टरांकडे चल.”

“नाही जाणार. ते काय लिहून देतील ते मला माहीत आहे. आणि डोळ्यांत थेंब घालतात म्हणे, परत येताना समोरचं काही दिसत नाही. कुणाला धरून येऊ?”

“मला. न दिसण्यातली मी जुनी आहे.”

चिमणीच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. हसू होतं की काय, यंत्राच्या घरघरीत कळलं नाही. पण बोलली ती कोरडंच. “येऊ नकोस ताई. खरंच सांगते. दार नाही उघडायची मी.”

“तू उघड, नाहीतर उघडू नकोस. शुक्रवारी सकाळी मी तुझ्या दाराशी येईन. शब्द देते.”

“तुझा शब्द बघितला मी,” चिमणी म्हणाली आणि पुठ्ठे उचलायला लागली.

त्यानंतरचे दिवस निवेदिका समोरच्या खुर्चीवर बसून वाचत होती. स्पष्ट, सुरेल, कुठे अडखळ नाही. ताईची बोटं मात्र ओळीच्या शेवटाशी येऊन थांबत. त्या स्वच्छ आवाजावर विसंबायला ती तयार नव्हती, आणि यात त्या बाईचा काही दोष नव्हता. चिमणी जाता-येता टेबलाजवळून जाई. ताईला तिची पावलं ओळखू येत. ती थांबत नसत.

शुक्रवारी ताईने साहेबांना दुपारपर्यंतच्या रजेचं पत्र पाठवलं, आणि पाठवण्याआधी अख्खी पाटी ऐकून घेतली. वहिनीने चहाचा कप हातात दिला.

“तिने नको म्हटलंय ना?” वहिनी म्हणाली.

“म्हटलंय.”

“आणि दार नाही उघडलं तर?”

“तर पायरीवर बसेन. डॉक्टरांची वेळ टळेपर्यंत.”

“मी येऊ का सोबत?”

“नको. दोघी दिसलो तर तिला वाटेल न्यायला पंच आलेत.” ताईने कप खाली ठेवला, डॉक्टरांचा पत्ता पुन्हा एकदा मनात म्हटला, आणि खुंटीवरची काठी काढली. दार तिने अगदी हळू लावून घेतलं. छापखान्याकडे जाणारा रस्ता उजव्या हाताला होता. ती डावीकडे वळली.